सुरतेचे दगडी दप्तर : इंग्रज व डच कबरस्थानांचा अभ्यास

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न परीक्षेत आला की आपले विद्यार्थी बखरी, सनदा, ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि पत्रव्यवहार अशी यादी लिहून मोकळे होतात. या यादीत कबरस्थानाचे नाव मला आजवर क्वचितच आढळले आहे. वास्तविक कबर ही एकाच वेळी वास्तूही असते आणि लेखही. तिच्यावर नाव, तारीख, हुद्दा असतो. मागे राहिलेल्यांना मृताविषयी जगाला काय सांगावेसे वाटले, तेही असते. आणि जे त्यांनी शब्दांत सांगितले नाही, ते बांधकामाच्या घडणीतून कळते. लेख आणि घडण या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर एका जुन्या कबरस्थानातून केवढा इतिहास हाती लागतो, हे दाखवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरण म्हणून मी सुरतेची इंग्रज आणि डच कबरस्थाने घेतो. मी ती पाहिली आहेत. परंतु निवडीचे खरे कारण वेगळे आहे. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या फार जुन्या कबरींपैकी काही तेथे आजही उभ्या आहेत. मुंबईतले इंग्रजांचे पहिले कबरस्थान मेंढमच्या टोकापाशी होते. ते अठराव्या शतकात मोडले गेले आणि दफनासाठी सोनापूरची जागा घेण्यात आली. त्यामुळे कंपनीच्या पश्चिम किनाऱ्यावरील पहिल्या पिढीची समक्ष साक्ष हवी असेल, तर सुरतेलाच जावे लागते. शिवाय तेथे पुरलेल्या माणसांपैकी एकाचे नाव मराठी विद्यार्थ्याला शाळेपासून ठाऊक असते.

वखारीचे जीवन आणि मरण

इंग्रजांचे 'हेक्टर' हे जहाज १६०८ मध्ये सुरतेच्या बंदरात आले. १६१२ मध्ये सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या लढाईनंतर त्यांचा तेथे जम बसला आणि वखार निघाली. त्यामागोमाग काही वर्षांत डच आले. त्या वेळी सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. मक्केला जाणारे यात्रेकरू येथूनच जहाजात बसत. कापड, नीळ, मसाले आणि चांदी यांचा व्यवहार येथे चाले. गुजराती सावकार, बोहरी, आर्मेनियन, अरब आणि तुर्क यांच्या गर्दीत इंग्रज म्हणजे आणखी एक व्यापारी जमात, एवढीच त्यांची किंमत होती.

वखारीत प्रेसिडेंट, त्याचे कौन्सिल, फॅक्टर आणि रायटर असे चढत्या-उतरत्या हुद्द्यांचे लोक एकत्र राहत. जेवण एका मेजावर, प्रार्थना एका खोलीत, आणि संध्याकाळी दरवाजे बंद. बहुतेक जण विशीतले. ताप, हगवण आणि दारू यांनी त्यांतले कितीतरी लवकर गेले. दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, अशी म्हण त्या काळी मुंबईतल्या इंग्रजांत रूढ होती. अशा मृतांसाठी शहराच्या तटाबाहेर, भडोचकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला जागा घेण्यात आली. आज तो सारा भाग कतारगाम दरवाज्याच्या दाट वस्तीत आला आहे. डचांचे कबरस्थानही जवळच असून त्याला लागून आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. त्यांच्या शिळांवर आर्मेनियन लिपीतील लेख आहेत.

दोघा भावांची कबर

इंग्रज कबरस्थानात शिरल्याबरोबर नजर जाते ती ऑक्झेंडन बंधूंच्या इमारतीवर. 'इमारत' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. सुमारे ४० फूट उंच, जाड खांबांवर पेललेली, एकावर एक असे दोन घुमट असलेली ही वास्तू आहे. आत सज्जे आहेत, वर जाण्यास जिना आहे. ज्याला माहिती नाही तो माणूस तिला एखाद्या मोगल सरदाराचा मकबरा समजेल.

धाकटा भाऊ ख्रिस्टोफर १६५९ च्या एप्रिलमध्ये वारला. त्याचा मृत्युलेख लॅटिन भाषेत आहे आणि तो मोठा विलक्षण आहे, कारण तो चक्क जमाखर्चाच्या परिभाषेत लिहिला आहे. त्याचा आशय असा, की या हिशेबनिसाला आपल्या खात्यात फक्त दिवस मांडता आले, वर्षे मांडता आली नाहीत. कारण मृत्यूने अवचित येऊन हिशेब मागितला. पुढे लेख कंपनीच्या मालकांना उद्देशून बोलू लागतो. तुमचा तोटा किती आणि नफा किती, असे विचारता काय? तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा स्वतःचा प्राण गेला. पण समोरच्या जमेच्या बाजूला मात्र तो 'मरण हाच माझा लाभ' असे लिहू शकेल. या शेवटच्या कल्पनेला बायबलचा आधार आहे. खतावणी लिहिता लिहिता परमुलखात मेलेल्या एका तरुणाबद्दल त्याच्या सोबत्यांना याहून खरे काही लिहिता आले असते, असे मला वाटत नाही.

थोरला भाऊ सर जॉर्ज ऑक्झेंडन हा १६६२ मध्ये सुरतेचा प्रेसिडेंट झाला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा शहराचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. त्या वेळी आपल्या मूठभर लोकांनिशी वखार लढवण्याच्या तयारीने उभा राहिलेला तो हाच जॉर्ज. इंग्रजांची आणि डचांची वखार वाचली. औरंगजेबाने पुढे दोघांनाही जकातीत सवलत दिली. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आले, ते याच्याच कारकिर्दीत. १४ जुलै १६६९ रोजी तो सुरतेत वारला आणि भावाशेजारी विसावला. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहून ज्याने त्या सोहळ्याचा वृत्तांत लिहून ठेवला, तो हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यातला, जॉर्जचा पुतण्या. म्हणजे ज्या घराण्यातल्या चुलत्याने महाराजांच्या फौजेपासून वखार राखली, त्याच घराण्यातला पुतण्या दहा वर्षांनी नजराणा घेऊन महाराजांपुढे उभा राहिला. मराठी सत्तेची वाढ मोजायला हे माप पुरेसे बोलके आहे.

डचांची ईर्षा

इंग्रजांनी एवढे केल्यावर डच कसे मागे राहतील? १६८९ च्या सफरीत सुरतेस आलेला ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री या दोन्ही कबरस्थानांतील भव्य स्मारकांचे वर्णन करतो. त्याने एका गमतीदार डच कबरीची नोंद केली आहे. एका खुशालचेंडू डच कमांडरच्या इच्छेनुसार तिच्या माथ्यावर पंच पिण्याचे तीन मोठे कटोरे बसवले होते. मागे राहिलेले मित्र तेथे जमून त्याची आठवण इतक्या मनापासून काढीत, की शेवटी त्यांना स्वतःचीच आठवण राहत नसे!

परंतु डच कबरस्थानातील मुख्य वास्तू आहे ती हेन्ड्रिक आड्रियान फान ऱ्हेडे याची. अष्टकोनी बांधणी, खांबांच्या ओळी, वर दुहेरी घुमट आणि भोवती सज्जा. पूर्वी तिच्या भिंतींवर चित्रे, कुलचिन्हे आणि बायबलमधील वचने होती, खिडक्यांना सुंदर कोरीव लाकूडकाम होते. नुसत्या डागडुजीसाठी सहा हजार रुपयांचे बिल झाल्याची नोंद जुन्या ग्रंथांत मिळते.

हा फान ऱ्हेडे कोण होता? डच कंपनीच्या वखारींतील लाचलुचपत निपटून काढण्यासाठी नेमलेला तो कमिशनर होता. कोचीहून सुरतेकडे येत असता डिसेंबर १६९१ मध्ये तो जहाजावरच मरण पावला. पण त्याचे खरे स्मारक घुमटाखाली नाही. मलबारचा प्रमुख असताना त्याने तेथील वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करवला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे त्याचे १२ खंड निघाले. त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती आणि चित्रे आहेत. पुढे लिनियसने वनस्पतींचे वर्गीकरण करताना या ग्रंथाचा उपयोग केला.

आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. या ग्रंथाची माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता, आणि त्याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. पोर्तुगीज अमलामुळे गोवा सोडून कोचीस गेलेल्या कोकणी समाजातले हे लोक. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापले आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी. आपल्या भागात घरोघरी जी भाषा कानावर पडते, तिचा इतका जुना छापील नमुना एका डच माणसाच्या ग्रंथात सापडतो. के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने कित्येक वर्षे खपून या लॅटिन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरतेच्या त्या अष्टकोनी कबरीपुढे उभे राहिलो तेव्हा मला त्या तीन वैद्यांची आठवण प्रथम झाली. त्यांच्यावर घुमट नाही. त्यांचे नाव टिकले ते कागदावर.

घडण काय सांगते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ख्रिस्ती माणसाच्या कबरीवर घुमट, सज्जे आणि मनोरे कशासाठी? विटा, चुना आणि गवंडी येथले होते हे एक उत्तर झाले. पण ते अपुरे आहे. सतराव्या शतकातील सुरतेत माणसाची पत त्याच्या घोड्यांवरून, पालखीवरून, निशाणावरून आणि मागे चालणाऱ्या नोकरांवरून ठरत असे. इंग्रज प्रेसिडेंटही बाहेर पडताना असाच लवाजमा नेई. मोगल अधिकाऱ्यांनी आणि शहरातल्या सावकारांनी आपल्याला तोलामोलाचे समजावे, ही त्यांची गरज होती. मग कबरही सरदाराच्या तोलाची हवी.

मला यात एक दुहेरी भाषण दिसते. इमारत सुरतेच्या लोकांशी बोलते आणि ती त्यांच्या ओळखीच्या भाषेत, म्हणजे घुमटाच्या भाषेत बोलते. आतला लॅटिन लेख सुरतेत कोणाला वाचता येणार? तो लंडनच्या मालकांशी बोलतो. एकीकडे 'आम्ही येथले मोठे लोक' अशी ऐट आणि दुसरीकडे 'आम्ही तुमचे नोकर' अशी कबुली. १६६० च्या सुमाराचा इंग्रज नेमका या दोहोंच्या मध्ये उभा होता. पत्रव्यवहाराच्या जाडजूड खंडांतून जे हळूहळू कळते, ते येथे एका दृष्टिक्षेपात दिसते.

याच्याशी कलकत्त्याच्या साउथ पार्क स्ट्रीट कबरस्थानाची तुलना करून पाहा. ते १७६७ मध्ये सुरू झाले. म्हणजे प्लासीच्या लढाईला दहा वर्षे आणि बंगालची दिवाणी मिळाल्याला दोन वर्षे झाली होती. तेथे मनोरे आहेत, पण ते त्रिकोणी पिरॅमिड आणि चौकोनी सुळके. खांब आहेत, पण ग्रीक-रोमन घाटाचे. एशियाटिक सोसायटीचा संस्थापक सर विल्यम जोन्स तेथेच आहे. हिंदू चालीरीतींच्या प्रेमामुळे 'हिंदू स्टुअर्ट' म्हणून ओळखल्या गेलेल्या सेनाधिकाऱ्याची कबर मात्र देवळाच्या घाटाची आहे; पण ती अपवाद म्हणूनच डोळ्यांत भरते. पुढे एकोणिसाव्या शतकात लष्करी छावण्यांतून जी कबरस्थाने झाली, त्यांत क्रूस, सपाट शिळा आणि पलटणीचे नाव एवढेच उरले. युरोपातील अभिरुची बदलली हे याचे एक कारण खरेच. पण दुसरे कारणही उघड आहे. राज्य हाती आल्यावर येथल्या लोकांच्या नजरेत भरण्यासाठी त्यांच्या घाटाची इमारत बांधण्याची गरज राहिली नाही. व्यापाऱ्याचा राज्यकर्ता कसा झाला, याचा आलेख कबरींच्या आकारातून असा काढता येतो.

जतन कशासाठी?

हा विषय वर्गात मांडला तेव्हा मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांची थडगी आपण का सांभाळायची? आपल्याच माणसांच्या समाध्या पडायला आल्यात." प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही.

उत्तरासाठी सुरतेहून आपल्याच भागात परत येऊ. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील दुसऱ्या लढाईत सर टॉमस मन्रोचा नातलग आणि सोलापूरचा सबकलेक्टर असलेला तरुण मन्रो जखमी होऊन मेला. थॅकरेचे स्मारक धारवाडात आहे. राणी चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगल येथे कैदेत वारली. तिची समाधी तेथे आहे. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडास फाशी दिले. त्याची समाधी नंदगडास आहे. एकाच लढ्याची ही तीन पाने आहेत. त्यांतले एक फाडून टाकले तर उरलेली दोन अधिक उजळ होतील काय? उलट, कित्तूरच्या एका राणीने कंपनीच्या कलेक्टरला रणात पाडले, याचा शत्रूने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला दाखला आपण गमावून बसू. वादात प्रतिपक्षाची सही असलेला कागद कोणी जाळत नाही.

म्हणून थडगे राखणे म्हणजे थडग्यातल्या माणसाला मुजरा करणे, ही समजूत सोडली पाहिजे. आपण राखतो तो पुरावा. त्या विद्यार्थ्याचे दुसरे वाक्यही मी मान्य केले. आपल्या समाध्यांची हेळसांड होऊ नये हे खरेच. पण एकीची निगा राखली म्हणून दुसरीची हेळसांड होते असे नाही. बहुधा दोन्हींची हेळसांड एकाच बेफिकिरीतून होते.

जतन कसे?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला आणि २०१० मध्ये त्यात दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद झाली. सुरतेची ही कबरस्थाने केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. परंतु देशातील बहुसंख्य जुनी कबरस्थाने अशा यादीत नाहीत. ती कोठे चर्चकडे, कोठे छावणी मंडळाकडे, तर कोठे कोणाकडेच नाहीत. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये दक्षिण आशियातील कबरस्थानांसाठी एक संस्था स्थापन झाली आणि तिने नोंदी व दुरुस्तीचे बरेच काम केले. पण दूरची संस्था पैसे पाठवू शकते. रोजची नजर ठेवणे हे गावाचेच काम.

कबर मोडते कशी, हेही समजून घेतले पाहिजे. पहिला शत्रू पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी घुमटाच्या भेगेत पडते आणि दहा-पंधरा वर्षांत मूळ विटा उकलून टाकते. रोप बोटाएवढे असतानाच काढणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. दुसरा शत्रू सिमेंट. जुने बांधकाम चुन्याचे. चुना ओल शोषतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि विटा आतून भुगा होतात. म्हणून चुन्याच्या कामाला चुनाच वापरावा. तिसरा शत्रू आपला उत्साह. अक्षरे दिसावीत म्हणून कोणी शिळा तारेच्या ब्रशने घासतो, कोणी ॲसिड ओततो, कोणी दर वर्षी रंग फासतो. चार पावसाळ्यांत जे झिजले नसते, ते एका रविवारी झिजते.

याउलट, नोंद करण्याने दगडाला काहीच इजा होत नाही. १८६० च्या दशकात बेलासिस या मुलकी अधिकाऱ्याने सुरतेच्या कबरींचे लेख उतरवून घेऊन प्रसिद्ध केले. म्हणूनच पुढे जे झिजले, फुटले वा चोरीस गेले, त्याचा मजकूर आपल्यापाशी राहिला. हे काम आपल्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे आहे. परवानगी घेऊन जावे. प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा, लांबी-रुंदी मोजावी, दिशा लिहावी. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुसट अक्षरे उठून दिसतात. धूळ फक्त मऊ ब्रशाने झाडावी. मजकूर दगडावर जशा ओळी आहेत तशाच उतरवावा. जे अक्षर गेले आहे तेथे टिंबे द्यावीत, अंदाजाने भरू नये. नंतर तो चर्चच्या दफननोंदींशी ताडून पाहावा.

बेळगाव १८१८ मध्ये कंपनीच्या हाती आले आणि पुढे येथे मोठी छावणी बसली. तिच्याबरोबर येथेही कबरी आल्या, आणि त्या वाचण्याचे काम आपल्यावर आले. आपल्या अंकाचे दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. कित्तूरच्या काळचा इतिहास कन्नड, मोडीतील मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही कागदांत विखुरलेला आहे. एका विभागाला तो एकट्याने पुरता वाचता येणार नाही. येत्या दिवाळीच्या सुटीत दोन्ही विभागांतील पाच-पाच विद्यार्थी पुढे आले, तर बैलहोंगल, नंदगड, धारवाड आणि आपली छावणी येथील समाध्या व कबरींची एक संयुक्त नोंदवही तयार होईल. तिचे पहिले पान मी आखून ठेवले आहे : क्रमांक, ठिकाण, मोजमाप, लिपी, मजकूर, स्थिती. नावे इतिहास विभागात द्यावीत.